एकच नाव, चार कपाटं

(मूळ पत्र सहा पानांचं होतं. कामापुरतं कापून देते आहे. सोबत कादंबरीची पहिली चार प्रकरणं आणि शेवटापर्यंतचा सारांश होता.)

"मी विज्ञानाची शिक्षिका होते. गेल्या अकरा वर्षांत माझ्या नावावर तीन पुस्तकं आली. पहिलं कुंडीतल्या बागेवर. ते चांगलं चाललं, चार आवृत्त्या झाल्या. दुसरं मुलांसाठी विज्ञानाच्या गोष्टींचं. तिसरं आजोबांचं चरित्र. ते गेले तेव्हा मी सहा वर्षांची होते, म्हणून पत्रं, वह्या आणि घरच्यांच्या आठवणींवरून लिहिलं. काही संवाद कल्पनेनं भरले. आता चौथं पुस्तक तयार आहे, रहस्यकादंबरी. तिच्यात कण्हेरीच्या विषानं खून होतो. प्रकाशक म्हणतात, छापतो, पण दुसऱ्या नावानं, कारण बागेच्या ताईंनी केलेले खून वाचकांना झेपणार नाहीत. मुलगी म्हणते, टोपणनाव म्हणजे पळपुटेपणा. जाऊबाई विचारतात, मुलांच्या पुस्तकाचं काय? त्यात इंटरनेटवर माझ्याच नावाच्या कुणा बाईंचं राशिभविष्याचं पुस्तक माझ्या पुस्तकांच्या रांगेत दिसतं, आणि ओळखीचे लोक मला रास विचारतात. नाव एकच ठेवू की दोन करू? आणि मागच्या पानावर तोच जुना फोटो चालेल का, कुंड्यांमध्ये उभी असलेला?"
— चार कपाटांची मालकीण

ताई,

चारही प्रकरणं एका बैठकीत वाचली. तुमचा तो मुनीम बाटली उजेडात धरतो आणि काही न बोलता परत फडताळात ठेवतो, तिथे पान उलटताना हात जरा थांबला. म्हणजे कादंबरी जमली आहे की नाही, हा प्रश्न उरलेला नाही.

निकाल आधी सांगते, कारणं मागाहून. नाव एकच ठेवा. मात्र कादंबरी आज आहे तशी त्या नावानं छापू नका. आणि कादंबरी यायच्या आधी आजोबांच्या चरित्राकडे एकदा परत जा. पत्रात त्या पुस्तकाला तुम्ही दोन ओळी दिल्या आहेत, पण मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते.

तिघांनी तुम्हाला तीन वेगळ्या गोष्टी सांगितल्या आणि तुम्ही त्यांचं एकच गाठोडं बांधलंत. प्रकाशक विक्रीचं बोलताहेत, मुलगी सचोटीचं आणि जाऊबाई मुलांचं. एका टोपणनावानं तिन्ही प्रश्न सुटत नाहीत. त्यातला एखादा उलट अधिकच अडकतो.

प्रकाशकांपासून सुरुवात करू. आयुष्याची बरीच वर्षं मी दुसऱ्यांच्या मुद्रितांवर खुणा करण्यात घालवली. त्या काळात 'वाचक गोंधळेल' हे वाक्य जितक्यांदा ऐकलं तितकं दुसरं कुठलं ऐकलं नसेल. ज्याच्याविषयी ते बोललं जायचं तो वाचक मात्र त्या खोलीत कधीच नसायचा. तरी तुमच्या प्रकाशकांची भीती अगदीच पोकळ नाही. ऑनलाइन दुकानं नावावर चालतात. तुमचं बागेचं पुस्तक ज्यांनी घेतलं त्यांना नव्या पुस्तकाची सूचना जाते. त्यातले चार जण मुखपृष्ठावरचं फूल बघून मागवतात आणि मग एक चांदणी देऊन लिहितात, 'यात खतांची काहीच माहिती नाही.' असं घडतं. पण ही चूक नावाची नसते, मुखपृष्ठाची असते. रहस्यकादंबरीवर टवटवीत गुलाबी कण्हेर छापून वर बागेच्या पुस्तकाचीच अक्षरवळण वापरली, तर टोपणनाव घेऊनही तेच होईल.

याच भीतीची एक जुनी गोष्ट सांगतात. लुईस कॅरॉलचं मुलांसाठीचं ॲलिसचं पुस्तक इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाला इतकं आवडलं की याच लेखकाचं पुढचं पुस्तक मला पाठवा, असा तिनं निरोप धाडला. आलं ते गणिताचं पुस्तक! गोष्ट झकास आहे, फक्त खरी नाही. लुईस कॅरॉल हे टोपणनाव होतं, आणि त्यामागच्या चार्ल्स डॉजसन या गणितज्ञानं ती स्वतः छापून नाकारली. ते कुठे नाकारलं, हे त्याहून गमतीचं आहे. 1896 सालच्या आपल्या तर्कशास्त्राच्या पुस्तकात, आणि त्या पुस्तकावर नाव होतं लुईस कॅरॉल. म्हणजे गणित एका नावानं आणि गोष्टी दुसऱ्या नावानं, ही भिंत ज्यानं आयुष्यभर जपली, त्यानंच अखेरीला तीत दार पाडलं. तर्कशास्त्र मुलांपर्यंत पोचवायचं तर मुलांना माहीत असलेलं नावच कामाला येणार होतं.

ग्रंथपालाला तर हा गोंधळ होतच नाही. पुस्तकांना विषयवार आकडे देणारं ड्यूई दशांश वर्गीकरण 1876 पासून आहे. त्यात बागकाम 635 मध्ये जातं, चरित्रं 920 च्या आसपास आणि साहित्य 800 च्या घरात. मुलांची पुस्तकं बहुतेक ठिकाणी वेगळ्या दालनात असतात. ललितेतर पुस्तक विषयाच्या आकड्यानं लागतं आणि कादंबरी लेखकाच्या आडनावानं. तुमची चार कपाटं तिथे आधीच तयार आहेत. चार नावं घ्या किंवा एक, कादंबरी काही खतांच्या शेजारी बसायची नाही.

आता मुलीचं म्हणणं. टोपणनाव म्हणजे पळपुटेपणा, हे मला पटत नाही. आपल्या भाषेत तर मुळीच नाही. गडकऱ्यांनी नाटकं स्वतःच्या नावानं लिहिली, कविता गोविंदाग्रज म्हणून आणि विनोद बाळकराम होऊन. कादंबरीकार खानोलकर कवितेत आरती प्रभू झाले. यात पळणं कसलं? गाणारा माणूस बोलतो त्याच आवाजात गात नाही, इतकंच. आणि काहींना पळण्याचं खरंच कारण होतं. 1933 साली 'कळ्यांचे निःश्वास' आलं ते विभावरी शिरूरकर या नावानं. लिहिणाऱ्या बाळूताई खरे त्याआधी अभ्यासाची पुस्तकं खऱ्या नावानं लिहून मोकळ्या झाल्या होत्या. अविवाहित, शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या मुलींच्या मनात काय चालतं हे त्या काळी बाईनं छापणं म्हणजे अंगावर दगड ओढवून घेणं होतं. ते टोपणनाव ही ढाल होती, आणि ढाल धरणाऱ्याला कुणी पळपुटा म्हणत नाही.

तुम्हाला ढाल लागणार आहे का? शांतपणे विचार करा. कादंबरी छापली म्हणून तुमची नोकरी जाणार नाही, तुम्ही निवृत्त आहात. कुणा जित्या माणसाचं बिंग त्यात फुटत नसावं (फुटत असेल तर तो प्रश्न वकिलाचा आहे, माझा नाही). उरते ती ओशाळवाणी भावना, की जुने विद्यार्थी काय म्हणतील. काही म्हणणार नाहीत. त्यातले निम्मे आता चाळिशीला आलेत आणि गुपचूप रहस्यकथाच वाचतात.

दुसऱ्या नावाचं एक कारण मला मनापासून आवडतं, म्हणून इथे जरा रेंगाळते. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला एक कथा आली. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. आद्याक्षरं उलटी वाचा, जयंत विष्णू नारळीकर मिळतात. तोवर त्यांचं नाव जगभर झालेलं होतं, आणि परीक्षक कथेऐवजी नावाला मार्क देतील अशी त्यांना धास्ती होती. हस्ताक्षरही ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून उतरवून घेतली. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. पण माझ्या दृष्टीनं खरी गोष्ट त्यानंतरची आहे. बक्षीस मिळाल्यावर जगतापांचं काम संपलं. पुढच्या विज्ञानकथा, खगोलशास्त्रावरची सोपी पुस्तकं, संशोधन, आणि 2014 सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळवणारं आत्मचरित्र, सगळं एकाच नावावर आलं. त्यांची कल्पित कथा वाचून कुणी त्यांच्या शास्त्रावर शंका घेतली नाही, कारण कुठलं पुस्तक काय आहे हे प्रत्येक पुस्तक स्वतःच सांगत होतं. तुम्हाला खरोखर शंका असेल की कादंबरी 'बागेच्या ताईंची' म्हणून गोड मानून घेतली जाते आहे, तर हाच प्रयोग करा. नाव झाकून दोन अनोळखी वाचकांना हस्तलिखित द्या. छापताना स्वतःचं नाव घाला.

लपायचंच असेल, तर लपणं दिवसेंदिवस अवघड होत चाललं आहे, हेही ध्यानात घ्या. रहस्यकथा लिहिणाऱ्या ॲगाथा ख्रिस्ती यांनी मेरी वेस्टमॅकॉट या नावानं सहा कादंबऱ्या लिहिल्या. पहिली 1930 ची, आणि गुपित फुटलं ते 1949 मध्ये. एकोणीस वर्षं टिकलं! भयकथा लिहिणाऱ्या स्टीफन किंग यांचं रिचर्ड बॅकमन हे टोपणनाव 1985 मध्ये उघडं पडलं. पुस्तकांच्या दुकानातल्या एका कर्मचाऱ्याला शैलीवरून संशय आला आणि त्यानं कॉपीराइटची नोंद जाऊन पाहिली. हॅरी पॉटरवाल्या जे. के. रोलिंग यांचं रॉबर्ट गॅलब्रेथ हे टोपणनाव 2013 च्या एप्रिलमध्ये जन्मलं आणि जुलैत उघड झालं. एका वकिलानं बायकोच्या मैत्रिणीला सांगितलं होतं. तुमच्या बाबतीत हे आत्ताच तिघांना ठाऊक आहे, वर मीही आलेच.

आता मुद्द्यावर येते. आतापर्यंतचं सगळं तुमचे प्रकाशकही सांगू शकले असते.

सारांशात अकराव्या प्रकरणाविषयी तुम्ही लिहिलं आहे की धाकट्या सुनेलाही तेच विष दिलं जातं, पण घरातली म्हातारी मोलकरीण ओळखते, अंगणातल्या एका झुडपाच्या पाल्याचा काढा पाजते, आणि सून सकाळी उठून बसते. कथेच्या सोयीसाठी हा उतारा मी बनवला आहे, असंही तुम्ही प्रांजळपणे कबूल केलंत.

ताई, हा काढा काढून टाका. दुसऱ्या कुणी लिहिला असता तर मी कदाचित डोळेझाक केली असती. तुमच्या नावानं तो जाता कामा नये. बागेच्या तुमच्या पुस्तकात एकशे कितीव्या तरी पानावर तुम्हीच ठळक अक्षरांत छापलं आहे, 'कण्हेरीचे सर्व भाग विषारी, लहान मुलं व जनावरं यांच्यापासून दूर ठेवा.' ते वाचून हजारो लोकांनी कुंड्या हलवल्या असतील. झाडांच्या बाबतीत हे नाव खोटं बोलत नाही, हा विश्वास तुम्ही चार आवृत्त्यांत कमावला आहे. कादंबरीच्या आतल्या पानावर 'सर्व पात्रे काल्पनिक' असं छापाल. पात्रं काल्पनिक असतील, पण कण्हेर काल्पनिक नाही. तिच्यातली द्रव्यं थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात. पिवळ्या कण्हेरीचंही तसंच. त्यावर घरगुती इलाज नाही, रुग्णालयच गाठावं लागतं. तुमच्या वाचकाच्या घरी कधी तशी वेळ आली आणि त्याला 'ताईंच्या पुस्तकातला पाला' आठवला, तर तो नक्की कुठल्या पुस्तकात होता हे आठवायला त्या क्षणी फुरसत नसेल. काढा शोधण्यात जी वेळ जाईल ती परत मिळणार नाही.

हे मी उगाच ताणत नाही. ख्रिस्तीबाईंनी पहिल्या महायुद्धात रुग्णालयाच्या औषधखान्यात काम केलं होतं. 1920 साली त्यांची पहिली रहस्यकादंबरी आली तेव्हा औषधनिर्मात्यांच्या व्यावसायिक नियतकालिकानं तिच्यातल्या विषाच्या अचूकपणाचं कौतुक छापलं. 1961 च्या एका कादंबरीत त्यांनी थॅलियम या विषारी धातूच्या विषबाधेची लक्षणं लिहिली, केस गळणं वगैरे. 1977 मध्ये लंडनच्या एका रुग्णालयात एक तान्हं मूल कशानं आजारी आहे ते कुणालाच कळेना. तिथली परिचारिका नेमकी तीच कादंबरी वाचत होती. तिनं थॅलियमची शंका बोलून दाखवली, तपासणीत ती खरी निघाली, मूल वाचलं. कादंबरीतली माहिती कादंबरीतच राहत नाही. खरी माहिती बाहेर पडून जीव वाचवते, तशीच खोटीही बाहेर पडते.

विष राहू द्या, खून राहू द्या. मारण्याचं प्रमाण आणि कृती मोघम ठेवा, ती तुम्ही तशीच ठेवली आहे. सून वाचायलाच हवी असेल तर मोलकरणीनं पाला न खुडता तिला बैलगाडीत घालून रातोरात डॉक्टरांकडे न्यावं. मला तर वाटतं, त्या प्रवासात तुम्हाला एक अख्खं प्रकरण मिळेल. काढ्याचा प्रसंग सारांशातही झटकन उरकतो, आणि खरं सांगू, तो तुमच्या कादंबरीतला सगळ्यात ढिला भाग आहे. तिथे लिहिणारी बाई शिक्षिका उरत नाही, जादूगार होते.

मग टोपणनाव घेऊन काढा तसाच ठेवला तर? असा विचार मनात आला असेल तर कारण तपासा. खोटं दुसऱ्याच्या नावावर टाकलं म्हणून खरं होत नाही, आणि नाव उघड व्हायला वेळ लागत नाही हे वर लिहिलंच आहे. मुलगी ज्याला पळपुटेपणा म्हणते तो इथे लागू पडेल.

आजोबांच्या चरित्राचं वेगळंच आहे. तिथे तुम्ही कल्पिलेले संवाद अवतरणचिन्हांत छापले आहेत. आतापर्यंत त्यावर कुणी बोट ठेवलं नाही, कारण तुम्ही शिक्षिका, आणि आधीची दोन्ही पुस्तकं माहितीची. उद्या त्याच नावावर चांगली रहस्यकादंबरी आली की वाचक चरित्राचं पान पुन्हा उघडेल आणि मनाशी म्हणेल, 'अरे, या बाईंना संवाद छान रचता येतात.' त्याच्या पुढचा प्रश्न उघड आहे. कादंबरी चरित्राला कादंबरी बनवते, चरित्राच्या नकळत. इतर कुठल्याही जोडीपेक्षा हीच जोडी एका नावाखाली अवघड जाते. बाग आणि खून लांबच्या गोष्टी आहेत, चरित्र आणि कादंबरी सख्ख्या शेजारणी. दोघींतला गडगा दिसायला हवा.

तो घालायला फार कष्ट नाहीत. पुढच्या आवृत्तीला एक पान मनोगत जोडा. कुठले संवाद पत्रांतून जसेच्या तसे घेतले, कुठले आत्यांनी सांगितले, आणि कुठले तुम्ही रचले, ते सरळ लिहा. रचलेल्या संवादांची अवतरणचिन्हं काढून ते तुमच्या निवेदनात विरघळवले तर आणखी बरं. 'आजोबा म्हणाले असतील' हे 'आजोबा म्हणाले' पेक्षा दुबळं वाटेल अशी भीती लेखकांना असते. माझा अनुभव उलटा आहे. जी लेखिका आपल्याला ठाऊक नाही तिथे थांबते, तिच्या ठाऊक असलेल्या गोष्टींवर वाचक जास्त भरवसा ठेवतो. आवृत्ती लांब असेल तर शिल्लक प्रतींत छापील चिठ्ठी घाला, प्रकाशकांना तो खर्च जड नाही. जमलं तर कादंबरीच्या आधी.

जाऊबाईंचा प्रश्न सगळ्यात सोपा आहे, आणि त्यांचं बरोबर आहे. मुलांच्या पुस्तकाच्या शेवटी 'याच लेखिकेची इतर पुस्तके' अशी यादी असते, तिच्यात कादंबरी घालू नका. उलट बाजूनं चालेल, कादंबरीच्या यादीत मुलांचं पुस्तक असायला हरकत नाही. मोठं माणूस उतरून खाली येतं, मुलानं जिना चढून वर जाऊ नये, एवढाच नियम. शाळेत गोष्ट सांगायला बोलावतील तेव्हा कादंबरीच्या प्रती पिशवीत नेऊ नका. आणि लेखक-परिचय चारही पुस्तकांवर तोच चिकटवण्याचा आळस प्रकाशकांना करू देऊ नका. बागेच्या पुस्तकावर तुमची तीस वर्षांची कुंडी-माती हवी, कादंबरीवर दोन ओळी पुरेत. 'कादंबरी' हा शब्द मुखपृष्ठावर ठसठशीत हवा, मलपृष्ठावरच्या मजकुरात लपलेला नव्हे.

राशिभविष्यवाल्या बाई. त्यांचा दोष नाही, तुमचाही नाही. दुकानाचं संगणक नाव बघतं, माणूस बघत नाही. आयएसबीएन हा क्रमांक पुस्तकाच्या आवृत्तीला मिळतो, लेखकाला नाही, त्यामुळे त्याचा इथे उपयोग नसतो. माणसं वेगळी ओळखण्यासाठी आयएसएनआय नावाचा सोळा अंकी क्रमांक आहे. सारख्या नावाच्या दोघींना तो वेगवेगळा मिळतो, आणि एकाच लेखकाच्या टोपणनावालाही स्वतंत्र मिळू शकतो. प्रकाशकांना विचारा. दुकानाला पत्र लिहून ते पुस्तक तुमच्या पानावरून हलवायला सांगा, एकदा सांगून हललं नाही तर दोनदा. आणि इथून पुढे नावात मधलं नाव किंवा आद्याक्षर घ्या, चारही पुस्तकांवर सारखंच. मला विचाराल तर तुमच्या नावात जो काही बदल करायचा तो इतकाच. खून लपवायला वेगळं नाव नको, पण रास विचारणाऱ्यांसाठी एक आद्याक्षर जरूर.

कराराचं थोडक्यात. बागेच्या पुस्तकाच्या करारात 'लेखिकेचे पुढील पुस्तक' प्रथम त्याच प्रकाशकांना द्यावं असं कलम असेल तर बघा, ते 'त्याच विषयावरील' पुरतं मर्यादित आहे का. उद्या मन बदललं आणि टोपणनाव घेतलंतच, तर ते नाव कुणाच्या मालकीचं हे लिहून घ्या. प्रकाशकाच्या मालकीची नावंही असतात, एका नावाखाली दहा जण लिहितात आणि एकालाही ते सोबत नेता येत नाही. टोपणनावानं कॉपीराइटची मुदतही बदलू शकते. कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न कराराच्या किमान नियमाप्रमाणे ती लेखकाच्या मृत्यूनंतर 50 वर्षं असते, पण टोपणनावामागचं माणूस कुणाला माहीतच नसेल तर पुस्तक लोकांपुढे आल्यापासून 50 वर्षं. अनेक देशांत दोन्ही मुदती याहून लांब आहेत. तुमच्या नातवंडांना याचं महत्त्व कळेल, तुम्हाला आत्ता नाही कळलं तरी चालेल.

प्रकाशकांशी बोलताना नावावर अडून बसू नका, त्यांना मुखपृष्ठाचं काम द्या. 'नाव माझंच राहील, पण हे पुस्तक हातात घेताच कुणाला कुंडी आठवता कामा नये, असं काहीतरी करून दाखवा,' असं म्हणा. चांगल्या प्रकाशकाला आव्हान आवडतं. नाहीच म्हणाले, तर चार प्रकरणं वाचून मी सांगते, दुसरा मिळेल.

अकरावं प्रकरण नव्यानं लिहून झालं की पाठवा. बैलगाडी नदीपाशी अडते की नाही, याची मला उत्सुकता आहे.

आणि तो फोटो चालेल की. कुंड्यांमध्ये उभी असलेली, हातात खुरपं घेतलेली, हसरी बाई रहस्यकादंबरीच्या मागच्या पानावर जितकी भीतिदायक दिसेल तितका कुठलाही काळोखातला फोटो दिसणार नाही. फक्त छापायला देण्याआधी एकदा भिंग घेऊन बघा, तुमच्या डाव्या खांद्यामागे जी गुलाबी फुलं दिसताहेत ती कसली आहेत.